हळदीकुंकवात स्तनांच्या गाठीबद्दल बोलायचं ठरवलंय, पण बोलून झाल्यावर पुढे काय?

कृष्णाकाठ (धागाकर्ती) – ९ जानेवारी, रात्री ९:४०

संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडे (वाळवा तालुका, जिल्हा सांगली) रोज कुणाच्या ना कुणाच्या घरी हळदीकुंकू असतं. एरवी शेत, गुरं, दूध, पोरं यांतून एका जागी न सापडणाऱ्या बायका या दिवसांत हमखास भेटतात. आमच्या गावातल्या बचत गटांनी मिळून ठरवलंय की यंदा वाण लुटताना दहा मिनिटं स्तनांच्या कर्करोगावर बोलायचं.

बोलायला कुणीतरी मिळेल. तक्ते मिळतील, पत्रकं मिळतील. मला काळजी आहे ती त्याच्या पुढची. ऐकून घरी गेलेल्या एखादीच्या हाताला अंघोळ करताना गाठ लागली, तर तिनं सकाळी कुणाला सांगायचं? उपकेंद्रात जायचं की थेट सांगली-मिरजेला? बरोबर कोण जाणार? त्या दिवसाचा रोजगार बुडाला तर घरात काय सांगणार? आणि तिथे सुईची तपासणी सांगितली की "सुई लावली की पसरतं" म्हणत घरचे तिला माघारी आणतात, त्याचं काय करायचं? ही वाट तयार नसेल, तर नुसतं बोलून आपण तिच्या जिवाला घोर लावतो, बाकी काही नाही.

मी वाचून जे गोळा केलंय त्यातलं थोडं देते. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात वर्षभरात सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. आपल्याकडे बायकांमध्ये सगळ्यांत जास्त आढळणारा कर्करोग आता हाच आहे. आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या बायकांना विचारलं, की कर्करोगासाठी स्तनांची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे का, तर देशभरात ०.९ टक्के बायका "हो" म्हणाल्या. शंभरात एकसुद्धा नाही.

आमच्या बायकांना एकच गोष्ट पक्की सांगायची असं मी ठरवलंय: दुखत नाही म्हणून थांबायचं नाही. दुखणारी गाठ दाखवायला बाई जाते, न दुखणारी तशीच राहते, आणि कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुतेक वेळा दुखतच नाही.

तुमच्या गावात, सोसायटीत, मंडळात असं काही केलं असेल तर सविस्तर लिहा. विशेषतः तपासणीनंतरचं.

---

अनघा_डोंबिवली – ९ जानेवारी, रात्री १०:१५

फार महत्त्वाचा धागा, ताई. लक्षणांमध्ये गाठीशिवाय बाकीचंही सांगा. काखेत गाठ, एका बाजूचा आकार अचानक बदलणं, कातडी जाड होऊन संत्र्याच्या सालीसारखी दिसणं, खळगा पडणं, स्तनाग्र आत ओढलं जाणं, त्यातून रक्तासारखं पाणी येणं, किंवा स्तनाग्रावर इसबासारखी खपली जी मलमं लावूनही भरत नाही. या शेवटच्याकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही, वर्षभर त्वचेचीच औषधं चालू राहतात.

आमच्या सोसायटीत प्रश्न उलटा आहे. सगळ्यांना मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) करायचीय, पस्तिशीतल्यांनासुद्धा, आणि "फुल बॉडी चेकअप"च्या पॅकेजमध्ये रक्ताची कॅन्सर टेस्ट आहे म्हणून काही जणी निर्धास्त आहेत. यावर जाणकारांनी लिहावं.

---

सिस्टरमावशी – १० जानेवारी, सकाळी ७:०५

मी आरोग्यसेविका म्हणून निवृत्त झाले. उपकेंद्राचं मी सांगते.

२०१६ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांची तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी तपासणी ठरलेली आहे. स्तनांची तपासणी हातानं, दर पाच वर्षांनी. सुरुवात आशाताईच्या फॉर्मपासून होते. त्यात ती विचारते: स्तनात गाठ आहे का, बोंडातून रक्त येतं का, आकारात फरक पडलाय का. मग उपकेंद्रात (आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात) हातानं तपासणी, आणि संशय आला तर वर पाठवायचं.

कागदावर हे छान आहे. गडबड होते ती फॉर्म भरताना. आशा ओसरीवर बसते, शेजारी सासू बसलेली, पोरगा मोबाइल बघत उभा. त्यात सून काय सांगणार? सगळ्या प्रश्नांना "नाही". आशाचीही चूक नाही, तिला दिवसाला कितीतरी घरं करायची असतात. म्हणून मी आमच्या आशांना सांगायचे, फॉर्म भरून झाला की "पाणी दे गं" म्हणून आत जा आणि चुलीपाशी तोच प्रश्न परत विचार. कितीतरी गाठी मला अशाच कळल्या. हळदीकुंकवातही हेच करा. दहा मिनिटं सगळ्यांसमोर बोला, पण माहितीतली एखादी बाई आतल्या खोलीत बसवा. ज्यांना काही सांगायचंय त्या कुंकू लावून घ्यायच्या निमित्तानं आत जातील.

आणि तपासणी म्हणजे वरवर हात फिरवणं नव्हे. बाईला आडवं करून, त्या बाजूचा हात डोक्याखाली घ्यायला लावून, मधल्या तीन बोटांच्या पेरांनी बारीक गोल फिरवत, आधी हलकं, मग मध्यम, मग खोल दाबून बघायचं. वर गळपट्टीच्या हाडापर्यंत आणि बाजूला काखेपर्यंत. दोन्ही बाजू नीट बघायला वेळ लागतो. पडदा हवा, दार लागायला हवं. जिथे पडदा नाही तिथे बाई ब्लाउजची बटणं काढणारच नाही, मग तुम्ही कितीही शिबिरं घ्या.

---

कृष्णाकाठ – १० जानेवारी, सकाळी ८:३०

मावशी, आतल्या खोलीचं सुचवलंत ते सोन्यासारखं आहे. आमच्याकडे एक निवृत्त परिचारिका आहेत, त्यांनाच तिथे बसवते.

---

क्षकिरण – १० जानेवारी, दुपारी २:२०

मी रेडिओलॉजिस्ट आहे, मॅमोग्राफी रोज वाचतो. अनघाताईंच्या प्रश्नांपासून सुरू करतो.

रक्ताच्या चाचणीवर (पॅकेजमध्ये सीए १५-३ असं लिहिलेलं असतं) निर्धास्त राहू नये. निरोगी बाईत कर्करोग शोधण्यासाठी ती चाचणी नाही. सुरुवातीच्या कर्करोगात ती नॉर्मल येऊ शकते आणि इतर कारणांनी वाढलेलीही दिसू शकते. तसंच शिबिरांत थर्मल कॅमेऱ्यानं तपासणी करून देतात. तो मॅमोग्राफीला पर्याय नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (औषधं आणि वैद्यकीय यंत्रांवर देखरेख ठेवणारी तिथली सरकारी संस्था) याबद्दल लोकांना स्पष्ट बजावलेलं आहे.

पस्तिशीत लक्षणं नसताना आणि घरात इतिहास नसताना सरसकट मॅमोग्राफी करू नये. तरुण वयात स्तनात ग्रंथींची ऊती दाट असते, ती फिल्मवर पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. त्या वयात गाठ असेल तर आधी सोनोग्राफी. लक्षणं नसलेल्या बायकांसाठी अमेरिकेत ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी सुचवतात, ब्रिटनमध्ये ५० नंतर दर तीन वर्षांनी. आपल्याकडे सगळ्या बायकांना पुरतील इतकी यंत्रं नाहीत आणि ती वाचणारे डॉक्टरही नाहीत. म्हणूनच कार्यक्रमात हाताची तपासणी आहे.

हाताची तपासणी म्हणजे गरिबांसाठीची तडजोड, असं कुणी म्हणालं तर त्यांना मुंबईचा अभ्यास सांगा. टाटा मेमोरियलनं १९९८ मध्ये मुंबईतल्या झोपडपट्ट्यांत ३५ ते ६४ वयाच्या सुमारे दीड लाख बायकांवर तो सुरू केला. वस्त्यांचे २० गट पाडले. अर्ध्या गटांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हातानं तपासणी केली, अशा चार फेऱ्या. उरलेल्या गटांत एकदा माहिती दिली आणि पुढे लक्ष ठेवलं. निकाल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणीच्या गटात कर्करोग लवकरच्या टप्प्यावर सापडले: तिसऱ्या-चौथ्या टप्प्याचं प्रमाण ३७ टक्के, दुसऱ्या गटात ४७. पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आत मात्र तसा फरक दिसला नाही आणि सगळ्या वयांचा एकत्र विचार केला तर १५ टक्क्यांची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम म्हणता येत नाही. हेही सांगायलाच हवं.

तेव्हा कृष्णाकाठताई, तुमच्याकडे येणाऱ्या बायकांत पन्नास ते पासष्टच्या ज्या आहेत त्यांच्यावर सगळ्यांत जास्त भर द्या. त्याच बायका "आता या वयात काय तपासायचं" म्हणून मागे राहतात.

मॅमोग्राफीची भीती असते म्हणून थोडं सांगतो. कमरेपर्यंतचे कपडे काढून उभं राहायचं असतं. यंत्राच्या दोन सपाट प्लेट असतात, त्यांच्यामध्ये एकेक स्तन दाबून फोटो घेतात. प्रत्येक बाजूचे दोन, एक वरून आणि एक तिरका, म्हणजे एकूण चार. दाब काही सेकंदच असतो. तो नकोसा वाटतो, पण त्याशिवाय चित्र स्पष्ट येत नाही आणि किरणंही जास्त लागतात. किरणांचं प्रमाण अगदी थोडं असतं. पाळी चालू असेल त्यांनी पाळीनंतरच्या आठवड्यात जावं, तेव्हा दुखरेपणा कमी असतो. त्या दिवशी पावडर किंवा डिओ लावू नये, त्याचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या ठिपक्यांसारखे दिसतात. जुनी फिल्म असेल तर ती नक्की न्या. अर्धं निदान जुन्या फिल्मशी ताडून होतं.

---

दोन्ही_बाजू – १० जानेवारी, सायंकाळी ६:४५

डॉक्टरांनी उणी बाजूही मांडली हे आवडलं. त्यात एक भर. ब्रिटनमध्ये २०१२ साली तज्ज्ञांच्या स्वतंत्र समितीनं मॅमोग्राफीचा आढावा घेतला होता. पन्नाशीच्या १० हजार बायकांना वीस वर्षं बोलावलं, तर ४३ मृत्यू टळतात आणि १२९ जणींना अशा कर्करोगाचे उपचार मिळतात जो एरवी आयुष्यभर त्यांच्या ध्यानातही आला नसता, असा त्यांचा अंदाज होता. म्हणजे फायदा खरा आहे आणि किंमतही खरी आहे. "तपासणीनं नुकसान काहीच नाही" असं व्यासपीठावरून सांगतात ते बरोबर नाही. बायकांना दोन्ही सांगून त्यांनाच ठरवू द्यावं.

दुसरं म्हणजे दर महिन्याला आरशासमोर स्वतःची तपासणी करायला शिकवतात, त्याचाही फायदा सिद्ध नाही ना? शांघायमध्ये कापड गिरण्यांतल्या अडीच लाखांहून जास्त कामगार बायकांवर अभ्यास झाला होता.

---

क्षकिरण – १० जानेवारी, रात्री ९:१०

दोन्ही मुद्दे बरोबर. शांघायच्या अभ्यासात स्वतःची तपासणी शिकवलेल्या बायकांत मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) मात्र वाढल्या. म्हणून मी "महिन्याच्या अमुक तारखेला अशी अशी तपासणी कराच" असं सांगत नाही. आपले स्तन एरवी कसे असतात हे माहीत असू द्या आणि बदल जाणवला की दाखवा, एवढं सांगतो.

फक्त एक फरक लक्षात घ्या. तुम्ही दिलेले आकडे लक्षणं नसलेल्या बायकांचे आहेत. जिच्या हाताला गाठ लागली आहे तिच्यासाठी "करू की नको" हा प्रश्नच नाही. तिची तपासणी व्हायलाच हवी आणि ती लवकर व्हायला हवी. वाळव्याच्या धाग्याचा विषय मुख्यतः या दुसऱ्या बाईचा आहे असं मी समजतो.

---

कृष्णाकाठ – १० जानेवारी, रात्री ९:३२

हो डॉक्टर, तिचाच.

---

गोदातीर – ११ जानेवारी, सकाळी ११:००

मी यातून गेले आहे, उपचार पूर्ण होऊन बरीच वर्षं झाली. आता ठणठणीत आहे. सुई आणि गाठ काढणं याबद्दल लिहिते, कारण माझं सगळ्यांत मोठं नुकसान तिथे झालं.

गाठ मी लवकर दाखवली होती. मुळीच दुखत नव्हती. जवळच्या एका डॉक्टरांनी हात लावून "साधीच आहे, काढून टाकू" म्हटलं, जागा बधिर करून अर्ध्या तासात काढली, टाके घातले आणि गाठ फेकून दिली. तपासायला पाठवलीच नाही. काही महिन्यांनी त्याच जागी परत कडकपणा जाणवला, तेव्हा मोठ्या रुग्णालयात गेले. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न: आधीच्या गाठीचा रिपोर्ट कुठाय? तो नव्हताच. पहिली गाठ केवढी होती, कडा मोकळ्या होत्या का (म्हणजे कडेला कर्करोग उरला नव्हता ना), कुठल्या प्रकारची होती, काही सांगता येईना. त्यामुळे पुढचं ठरवणं अवघड झालं आणि उपचारही वाढले.

म्हणून तुमच्या हळदीकुंकवात हे जरूर सांगा. क्रम असा असतो: आधी हातानं तपासणी, मग वयाप्रमाणे सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, मग सुईनं तुकडा काढून तपासणी, आणि निदान हातात आल्यावरच शस्त्रक्रिया. सुईची तपासणी म्हणजे बायोप्सीत जागा बधिर करतात आणि जाड सुईनं गाठीचे बारीक तुकडे घेतात. मला जेमतेम टोचल्यासारखं झालं, त्याच दिवशी घरी आले. सुईनं कर्करोग पसरत नाही. वेळ गेल्यानं पसरतो. आणि कुणीही, कुठेही, कसलीही गाठ काढली तर ती तपासायला पाठवली का हे विचारायचं आणि रिपोर्ट रेशनकार्डाबरोबर जपून ठेवायचा.

आणखी एक. बायका दवाखान्यात जायला घाबरतात त्याचं खरं कारण "काढून टाकतील" हे असतं. कुणी उघड बोलत नाही. गाठ लहान असतानाच आली तर बहुतेक वेळा फक्त गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढून, नंतर रेडिएशन देऊन स्तन वाचवता येतो, आणि आयुर्मानाच्या दृष्टीनं ते पूर्ण स्तन काढण्याइतकंच चांगलं असतं. माझ्या ओळखीच्या दोघी-तिघी हे कळल्यावरच तपासायला तयार झाल्या.

---

अनघा_डोंबिवली – ११ जानेवारी, सकाळी ११:४०

गोदातीरताई, इतकं मोकळेपणानं लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. रिपोर्टचा मुद्दा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकते, तुमचा उल्लेख न करता.

---

भगवंतनगरी – ११ जानेवारी, दुपारी १:१५

बार्शीकर म्हणून एक गोष्ट अभिमानानं सांगतो. देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ मध्ये आमच्या बार्शीत, नर्गिस दत्त स्मृती रुग्णालयात, टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं सुरू झाली. खेड्यात रुग्ण आपणहून नोंदवले जात नाहीत, म्हणून नोंदणीची माणसं गावोगाव जायची, चावडीवर, देवळात लोकांना जमवून कर्करोगाची लक्षणं समजावून सांगायची आणि ज्यांना ती असतील त्यांना तपासणीला जायला तयार करायची. पुढे दिसून आलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यावर यायला लागल्या. यंत्र नाही, गोळी नाही. नुसतं जाऊन बोलणं, पण एकदा नव्हे, परत परत जाऊन. आजार वेगळा आहे, पण कृष्णाकाठताईंच्या प्रश्नाचं उत्तर मला यात दिसतं. तेच लोक पुन्हा त्याच गावात जात होते.

---

बालाघाट – ११ जानेवारी, रात्री ८:०५

ताई, मी बीड जिल्ह्यातली. तुमच्याच भागातल्या साखर कारखान्यांवर आमच्या गावच्या बायका आत्ता ऊस तोडत असतील. त्यांचं काय?

दिवाळीनंतर गाव निम्मं रिकामं होतं ते पाडव्याच्या आसपास भरतं. शिबिरं हिवाळ्यात, आशाची यादी गावातली, आणि बाई तिकडे फडात. ती ना इकडच्या आशाला सापडते, ना तिकडच्या यादीत असते. तोडणी पहाटे सुरू होते, डोक्यावर मोळ्या वाहायच्या, रात्री गाडी भरायची. खांदा, काख, छाती कायम ठणकत असते, त्यात वेगळं काय दुखतंय आणि काय दुखत नाही हे कळायला उसंत कुठे? एक दिवस दवाखान्यात गेलं तर कोयता बंद, म्हणजे नवराबायको दोघांचा खाडा, आणि खाडा उचलीतून (आधीच घेतलेल्या पैशांतून) कापला जातो. आमच्या बायकांत गर्भपिशवी काढण्याचं प्रमाण किती आहे यावर विधिमंडळापर्यंत चर्चा झाली. छातीबद्दल कुणी विचारलेलंही नाही.

तुमच्या हळदीकुंकवात टोळीतल्या बायकांना बोलावणार का?

---

कृष्णाकाठ – ११ जानेवारी, रात्री १०:५०

बालाघाट, तुमचा प्रतिसाद सगळ्या गटांना मोठ्यानं वाचून दाखवला. आमच्या गावाच्या ओढ्यापलीकडे टोळीच्या खोप्या आहेत. आम्ही त्यांना रोज बघतो आणि आमच्या यादीत त्या नव्हत्या.

त्यांना आमच्या घरी बोलावण्यापेक्षा आम्हीच तिळगूळ घेऊन खोप्यांवर जायचं ठरलंय. दिवसा नाही, त्या फडात असतात. ज्या दिवशी कारखान्याची गाडी उशिरा आहे असा मुकादमाचा निरोप येतो, त्या संध्याकाळी. आमच्या परिचारिकाताई बरोबर येतील. एका खोपीला चादरी बांधून आडोसा करू.

पण तिथे एखादीला गाठ सापडली तर? ती दोन महिन्यांनी तुमच्याकडे परतणार. इकडे अर्धी तपासणी आणि तिकडे कुणाला पत्ता नाही, असं व्हायला नको. तुम्ही तिकडून काय करू शकता?

---

सिस्टरमावशी – १२ जानेवारी, सकाळी ६:५०

गाठ सापडली तर ती परत जाईपर्यंत थांबायचं नाही. निदान इकडेच करून घ्या. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचार मोफत आहेत, पण मॅमोग्राफीचं यंत्र सगळीकडे नसतं, म्हणून आधी फोन करून विचारून जा. नाहीतर बाई हेलपाटा घालून येते आणि परत जात नाही. निदान झालं तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, केमो, रेडिएशन होतं. योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं, पहिल्यांदा तिथेच जायचं. रेशनकार्ड आणि आधार लागतं. ऊसतोडीच्या बायका रेशनकार्ड गावी ठेवून येतात, तेव्हा आत्ताच गावाकडून त्याचा फोटो मागवून ठेवायला सांगा आणि मूळ कार्ड कुणाबरोबर तरी पाठवायला सांगा.

---

बालाघाट – १२ जानेवारी, सकाळी ९:२०

मावशी, कार्डाचं काम मी करते. कृष्णाकाठताई, टोळी कुठल्या गावची आहे ते व्यक्तिगत निरोपात कळवा, बायकांची नावं इथे लिहू नका. त्या गावच्या आशाला मी स्वतः भेटेन आणि परतल्यावर तिच्या वहीत त्यांची नोंद होईल हे बघेन.

---

शिवारकर – १२ जानेवारी, दुपारी १२:३०

धागा बायकांचा आहे हे समजून लिहितोय. पुरुषांनाही दहा मिनिटं द्या. बाई दवाखान्यात केव्हा जाणार हे बऱ्याच घरांत आम्हीच ठरवतो. गाडी आमच्याकडे, पैसे आमच्याकडे, "ऊस जाऊ दे मग बघू" म्हणणारेही आम्हीच. आमच्या दूध डेअरीवर सकाळी सगळे पुरुष एका जागी असतात. तिथे कुणी तरी पुरुषानंच बोलावं, मी बोलायला तयार आहे. आणि पुरुषांनाही हा कर्करोग होतो, त्याच्या शंभर रुग्णांत एखादा का होईना पुरुष असतो, हेही सांगेन. मग ऐकतील.

---

थेम्सकाठी – १२ जानेवारी, सायंकाळी ५:००

ब्रिटनमधून. इथे पन्नाशीनंतर दर तीन वर्षांनी, ७१ व्या वाढदिवसापर्यंत, घरी पत्र येतं. मॅमोग्राफीची व्हॅन कधी कधी सुपरमार्केटच्या आवारात उभी असते. सगळं फुकट. तरीही आपल्याकडच्या बायका इथेही कमी जातात. आमच्या महाराष्ट्र मंडळात पत्र येऊन फ्रीजला चिकटवून ठेवलेल्या काकू आहेत. त्यांना पत्राची नव्हे, सोबतीची गरज होती. आता मंडळातल्या दोघी मिळून एकत्र जातात, एकीची वेळ असली तरी. शिवारकरदादा डेअरीवर बोलणार हे वाचून फार बरं वाटलं.

---

अनघा_डोंबिवली – १२ जानेवारी, रात्री ९:००

एक प्रश्न. आईला नव्हता, पण आत्याला बेचाळिसाव्या वर्षी झाला होता. वडिलांकडचं नातं धरतात का? मी सदतीस वर्षांची आहे.

---

क्षकिरण – १२ जानेवारी, रात्री ९:५५

धरतात, आणि हा प्रश्न सगळ्यांनी विचारायला हवा. दोष असलेलं जनुक वडिलांकडूनही येऊ शकतं. आत्या, वडिलांची आई, चुलत बहीण सगळं सांगायचं. बीजाशयाचा कर्करोग कुणाला झाला असेल तर तोही. साधारण नियम असा की घरात सगळ्यांत कमी ज्या वयात झाला त्या वयाच्या दहा वर्षं आधीपासून तपासणीचा विचार करायचा. त्यामुळे तुम्ही आत्ताच स्तनविकारतज्ज्ञ शल्यचिकित्सकांना किंवा कर्करोगतज्ज्ञांना भेटा, जनुकीय समुपदेशनाची गरज आहे का ते विचारा. आत्या हयात असतील तर जनुकीय चाचणी आधी त्यांची करणं जास्त उपयोगाचं असतं. पण हेही लक्षात असू द्या की हा कर्करोग होणाऱ्या बहुतेक बायकांच्या घरात आधी कुणालाच झालेला नसतो. "आमच्यात नाही" म्हणून कुणी सुटत नाही.

आणखी एक राहिलंच. अंगावर पाजणाऱ्या आईला गाठ आली की "दूध साकळलं" म्हणून सोडून देतात. बहुतेक वेळा तसंच असतं. पण शेकून, दूध काढूनही दोन आठवड्यांत गेली नाही तर सोनोग्राफी कराच. पाजत असतानाही ती करता येते.

---

कृष्णाकाठ – १३ जानेवारी, सकाळी ७:४०

सगळ्यांचे आभार. काल रात्री बसून गटांनी जे ठरवलं ते लिहिते, चुकत असेल तर सांगा.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ च्या उपक्रमात म्हटलंय की बाई पहिल्यांदा दाखवायला आल्यापासून ६० दिवसांत निदान व्हायला हवं. आम्ही तेच धरलंय. ज्या बाईनं आतल्या खोलीत गाठ सांगितली तिचं नाव एका वहीत, वही फक्त परिचारिकाताईंकडे. त्याच दिवशी तिला सोबतीण नेमून द्यायची, शक्यतो शेजारची नको, म्हणजे घरात बोभाटा होत नाही. उपकेंद्रात कधी, सोनोग्राफी कधी, सुई कधी, रिपोर्ट कधी, या तारखा सोबतिणीनं लिहून आणायच्या. गाठ साधी निघाली तरी रिपोर्ट हातात आल्याशिवाय नाव खोडायचं नाही. बुडालेल्या रोजगाराचे आणि एसटीचे पैसे गटाच्या बचतीतून, कर्ज म्हणून नव्हे. यावर थोडी वादावादी झाली, पण मान्य झालं.

पन्नाशीपुढच्या बायकांना मावशींनी सांगितल्याप्रमाणे उपकेंद्रात हातानं तपासून घ्यायला आम्हीच गटागटानं नेणार. गुरुवारी बाजार असतो म्हणून तो सोडून.

क्षकिरण डॉक्टर, एकच विचारते. आमच्यातल्या एकीला सोनोग्राफीत "बायरॅड्स ३" असं लिहून दिलंय आणि सहा महिन्यांनी बोलावलंय. ती म्हणते काही नाही म्हणून एवढ्या उशिरा बोलावलं. जायला हवं ना?

---

क्षकिरण – १३ जानेवारी, सकाळी ८:२५

जायलाच हवं. बायरॅड्स म्हणजे गाठ कितपत संशयास्पद दिसते याची रिपोर्टमधली श्रेणी. ३ म्हणजे गाठ बहुधा साधी आहे, कर्करोग असण्याची शक्यता दोन टक्क्यांहून कमी, पण ती तशीच राहते की वाढते हे बघितल्याशिवाय साधी म्हणायची नाही. सहा महिन्यांची तारीख वहीत लिहा आणि शक्यतो त्याच केंद्रात, जुना रिपोर्ट घेऊन पाठवा. मधल्या काळात गाठ वाढल्यासारखी वाटली किंवा कातडीत काही बदल दिसला तर सहा महिने थांबू नका. बायरॅड्स ४ किंवा ५ लिहिलं असेल तर मात्र वाट न बघता सुईची तपासणी.

---

सिस्टरमावशी – १३ जानेवारी, सकाळी ९:१०

उपकेंद्राला आधी सांगून ठेवा ताई, लसीकरणाच्या दिवशी गर्दीत आरोग्यसेविकेला हे जमत नाही. आणि जाताना दोन स्वच्छ चादरी बरोबर न्या, पडद्याचं कारण कुणाला सांगता येऊ नये.